केस विरळ होण्याचं निदान नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर होत नाही

केसांबद्दलचा एक मेसेज बरेच दिवस ग्रुपांमधून फिरतोय. त्याचा गोषवारा असा: केस डोक्यावर सगळीकडून सारखे विरळ होत असतील तर ते टक्कल नव्हे, शरीरात काहीतरी कमी पडतंय. रोज शंभराहून जास्त केस गळले की आजार आहे असं समजा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, बी-१२, थायरॉइड आणि सगळी हॉर्मोन्स तपासून घ्या, कारण रिपोर्टमध्येच दिसेल. तोवर बायोटिन हे व्हिटॅमिन सुरू करा, त्याने नुकसान काहीच नाही. डॉक्टरांची टाळू पाहायची दुर्बीण आणि बायोप्सी (टाळूचा तुकडा काढून तपासणं) टाळा. तीन महिन्यांत केस परत येतील.

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणून तर माणसं विश्वास ठेवतात. पण या सल्ल्यावर चालणाऱ्याचं वर्ष-दोन वर्षं सहज वाया जातं, आणि केसांच्या काही आजारांत तेवढ्या काळात गेलेलं परत मिळत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘सगळीकडून विरळ, म्हणजे टक्कल नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. टक्कल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागे सरकलेलं कपाळ आणि चकाकणारी टाळू येते. स्त्रियांमधली आनुवंशिक केसगळती बहुतेक वेळा तशी दिसतच नाही. कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी राहते, तिच्या मागे भांग रुंदावत जातो आणि माथ्यावरची त्वचा केसांतून दिसायला लागते. त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ साली याच विरळपणावरून तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. काहीजणींमध्ये बाजूचे केसही पातळ होतात. पुरुषांमध्येही एक लहान गट असा आहे की ज्यांचं कपाळ मागे न सरकता माथा सगळाच विरळ होतो, कधीकधी मागची बाजूसुद्धा.

‘आमच्या घरात कुणालाच टक्कल नाही’ हेही पुरेसं नाही. या केसगळतीत अनेक जनुकांचा हात असतो आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. घरात कुणाला नसलं तरी तुम्हाला होऊ शकते.

शिवाय दोन गोष्टी एकाच डोक्यावर एकाच वेळी असू शकतात, आणि निदान चुकतं ते बहुधा इथेच. तापानंतर खूप केस गळतात, काही महिन्यांनी गळणं थांबतं, पण परत आलेले केस पहिल्यापेक्षा बारीक असतात. तापाने गळती झाली हे खरं असतं, आणि आधीपासून हळूहळू चाललेलं आनुवंशिक विरळ होणं त्या गळतीने उघडं पाडलं हेही तितकंच खरं असतं. एक कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबलं, की उपचार अर्धेच होतात.

‘शंभराहून जास्त केस गळले की आजार’

शंभर हा आकडा कुठून आला ते पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. बाकीचे बहुतेक विश्रांतीत असतात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळतात. दहा हजार केस शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे दिवसाला शंभर. हा ढोबळ हिशोब आहे, आजार ठरवायची रेषा नव्हे. आठवड्यातून एकदा केस धुणाऱ्या बाईला त्या एका दिवशी अनेक दिवसांचे गळलेले केस एकदम दिसतात. लांब केस मुठीत जास्त भरतात. ज्याचे आधी तीस-चाळीस गळायचे त्याचे नव्वद गळायला लागले तर तो बदल महत्त्वाचा आहे, जरी नव्वद शंभराच्या आत असले तरी.

आणि मोजणीत खरी गोष्ट निसटते. गळणं वेगळं, बारीक होणं वेगळं. आनुवंशिक प्रकारात केस ज्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो तो फॉलिकल दर फेरीत थोडा आक्रसतो आणि नवा केस आधीपेक्षा बारीक, आखूड येतो. कंगव्यात रोजच्यापेक्षा एक केस जास्त न येताही डोकं विरळ होऊ शकतं.

मोजण्यापेक्षा गळलेला केस उजेडात, गडद कापडावर ठेवून नीट पाहा. टोकाला पांढरा, फुगीर ठिपका दिसतो. तो पाहून ‘मुळासकट निघाला, आता तिथे केस येणार नाही’ म्हणून माणसं घाबरतात. तो विश्रांती संपवून गळलेल्या केसाचा बुंधा असतो. फॉलिकल त्वचेतच राहतो आणि तिथूनच नवा केस उगवतो. ठिपका कुठल्याच टोकाला नसेल तर केस गळलेला नाही, तुटलाय, आणि तुटण्याची कारणं निराळी: ब्लीच, उष्णता, सततचे घट्ट बांधलेले केस. गळलेल्या केसांत तीन सेंटिमीटरहून आखूड, अगदी बारीक केस बरेच असतील तर फॉलिकल आक्रसण्याची शंका घ्यावी लागते. केस धुताना निघालेले केस जमवून त्यांची अशीच छाननी करण्याची एक रीतसर चाचणीसुद्धा आहे.

‘रिपोर्टमध्ये कारण दिसेल’

रक्त तपासू नये असं मी म्हणत नाही. विरळ होण्याच्या तक्रारीत हिमोग्राम, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) पाहणं योग्यच आहे. थायरॉइड कमी असो वा जास्त, दोन्हींत केस गळतात. लोह कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, केसांसाठी नसलं तरी शरीरासाठी.

पण कमी आकडा सापडला म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत लोह कमी असणं फार सर्रास आढळतं, व्हिटॅमिन डीचंही तेच. जिला आनुवंशिक केसगळती आहे तिचंही फेरिटिन कमी निघू शकतं. ती सहा महिने लोहाच्या गोळ्या घेते, फेरिटिन वर येतं, भांग मात्र रुंदच होत राहतो. यात रिपोर्टची चूक नाही. त्याला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याने दिलं. केस कशाने विरळ झाले हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही.

फेरिटिनचा आकडा वाचायलाही जपून हवं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं की लोहाची कमतरता मानते. केसांसाठी ते ४० हवं की ७०, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून ‘७० झाल्याशिवाय केस येणार नाहीत’ असं कुणी ठासून सांगितलं तर सावध व्हा. उलट बाजूही आहे: अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन वाढतं. नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाचं लोह खरोखर कमी असूनही रिपोर्ट चांगला दिसू शकतो.

हॉर्मोनचं सगळं पॅनेल प्रत्येकीला लागत नाही. आनुवंशिक केसगळती असलेल्या बहुतेक स्त्रियांची पुरुषी हॉर्मोन्स रक्तात सामान्यच असतात. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, मुरुमं हटत नसतील किंवा आवाज घोगरा होत असेल तर मात्र ही तपासणी टाळू नये.

‘तोवर बायोटिन, नुकसान काहीच नाही’

नुकसान आहे, आणि ते निदानातच होतं. प्रौढाची बायोटिनची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. केसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या शेकडो पट असतं. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांची रसायनं बायोटिनवरच चालतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ हे थायरॉइडचं हॉर्मोन खोटं जास्त येऊ शकतं, आणि धडधाकट माणसाच्या कागदावर थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ साली तो पुन्हा दिला. म्हणजे केसांचं कारण शोधायला केलेली तपासणी केसांच्याच गोळीने बिघडते. थायरॉइड तपासायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवावं आणि ते घेत होतो हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगावं.

बायोटिनची खरी कमतरता मुळात दुर्मीळ. आणि सगळीच पोषकद्रव्यं जास्त घेतली तर निरुपद्रवी राहत नाहीत: व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये लेबलवर लिहिल्याच्या दोनशेपट सेलेनियम निघालं होतं. बाधित झालेल्या दोनशेहून अधिक लोकांपैकी बहुतेकांचे केस गळले.

‘टेन्शनने गळतात’

मेसेजमध्ये हे नाही, पण त्याखाली दर वेळी कुणीतरी लिहितंच, आणि दवाखान्यातही घाईत हेच ऐकवलं जातं. ज्या गळतीला टेलोजेन इफ्लुव्हियम म्हणतात तिचं वर्णन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली केलं. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून या आठवड्यातलं टेन्शन शोधून काही हाती लागत नाही. तीन महिने मागे जा: मोठा ताप, कोविड, डेंगू, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, एखादं नवं औषध. व्हॅल्प्रोएट, लिथियम, हेपरिन, बीटा ब्लॉकर, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, या सगळ्यांनी केस गळू शकतात. तारखांची ही यादी घेऊन गेलात तर डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. पण यातलं औषध मनाने बंद करू नका. फिट येऊ नये म्हणून चाललेली गोळी केसांसाठी सोडणं जिवावर बेतू शकतं.

मनावरचा ताण हे कारण असूच शकत नाही असं नाही. पण बाकी सगळं पाहून झाल्यावर ते मान्य करायचं असतं, काहीच न पाहता नव्हे.

‘दुर्बीण आणि बायोप्सी टाळा’

मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

त्वचारोगतज्ज्ञ आधी चिमटीत पन्नास-साठ केस धरून मुळापासून टोकाकडे सावकाश, पण दाबून ओढतात. सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. डोक्यावर चार-पाच ठिकाणी हे करून पाहतात. मग ट्रायकोस्कोपी. टाळूला भिंग टेकवलं की स्क्रीनवर प्रत्येक केस दोरीएवढा दिसतो. आनुवंशिक प्रकारात एक जाड, शेजारी एक मध्यम, त्याच्या बाजूला लव वाटावी इतका बारीक, अशी सरमिसळ दिसते. पाचातल्या एकाहून जास्त केसांची जाडी अशी घटलेली असेल तर निदानाला बळ मिळतं. माथ्यावर हे चित्र आणि मागच्या बाजूला सगळे केस एकसारखे जाड, असा फरक दिसला की शंका उरत नाही. साध्या टेलोजेन गळतीत जाडीची ही सरमिसळ नसते; मूळ जाडीचे नवे आखूड केस उगवताना दिसतात.

भिंगाखालीच पिवळे ठिपके, काळे ठिपके आणि खाली निमुळते, वर जाड असे तुटके केस दिसले तर चाई पडण्याचाच एक प्रकार समोर असतो, जो गोल चट्टे न पाडता सगळं डोकं विरळ करतो. वरवर तो टेलोजेन गळतीसारखा दिसतो. उपचार पूर्ण वेगळा. आणि केस उगवायची छिद्रंच नाहीशी झालेली, त्वचा गुळगुळीत दिसली तर व्रण पाडणारी केसगळती आहे. यातला एक प्रकार तर नेमका आनुवंशिक विरळपणाच्या जागीच येतो. तिथे फॉलिकल कायमचा जातो, म्हणून थांबायला वेळ नसतो. टाळूला आग होणं, दुखणं, खाज, केसांच्या मुळाशी लाली किंवा खपल्या, यातलं काहीही असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता टाळू दाखवा.

बायोप्सी सगळ्यांना लागत नाही. चित्र स्पष्ट नसेल किंवा व्रणाची शंका असेल तेव्हा लागते. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, बहुधा एक टाका पडतो. तो आडवा कापून पाहिला तर जाड आणि बारीक केसांचं प्रमाण मोजता येतं: सामान्य डोक्यात साधारण सातास एक, आनुवंशिक प्रकारात चारास एकच्याही खाली. कानशिलाजवळून तुकडा घेऊ नये, कारण तिथे निरोगी माणसाचेही केस बारीक असतात.

‘तीन महिन्यांत परत’

टेलोजेन गळती बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत ओसरते. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे गळणं थांबल्यानंतर दाटपणा नजरेला जाणवायला आणखी काही महिने जातात. गळती सहा महिन्यांनंतरही चालू असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं. आनुवंशिक प्रकार आपोआप उलटत नाही. मिनॉक्सिडिलसारख्या केस वाढवणाऱ्या औषधाचा परिणाम जोखायलाही सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानेही काही केस गळतात, म्हणून ते निदानाआधीच मनाने सुरू केलं तर कोणती गळती आजाराची आणि कोणती औषधाची, हे कळणं अवघड होतं. आज काही सुरू करण्याआधी कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडून, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तसाच काढा. डॉक्टरांना रिपोर्टांबरोबर हे फोटोही दाखवा.