‘आळशी माणसाची झोप’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘सूर्यउपासक’ यांस नमस्कार.

संथ, स्थिर आसनांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “ताई, पाच मिनिटं लोडावर पडून राहणं हा व्यायाम नव्हे, आळशी माणसाची झोप आहे. घाम नाही तर फायदा नाही. औंधच्या जिल्ह्यात राहून हे परदेशी खूळ शिकवता? लोड विकायचे असतील तर सरळ तसं सांगा.” शिवाय आपली कंबर रोजच्या सूर्यनमस्कारांनी ठणठणीत आहे, फक्त सकाळी उठल्यावर तासभर धरते, हेही.

मतभेदाचं काही नाही, ते असावेत. पण लेख न वाचता, वरचा फोटो बघून अक्कल शिकवायची ही कुठली रीत? इतकी वर्षं साताऱ्यात वर्ग घेते आहे, येणाऱ्यांतली निम्मी मंडळी यवतेश्वरचा घाट पळत चढणारी आहेत. त्यांना आळशी म्हणायचं असेल तर एकदा समोर येऊन म्हणा.

लोडाचं म्हणणं मात्र रास्त आहे. तो विकत आणायची काही गरज नाही. दोन वाकळी एकावर एक घालून घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोकांना नाडीने बांधा. सात-आठ इंच जाडी पुरे, लांबी कंबरेपासून डोक्यापर्यंत. मऊ उशी नको, ती मधे दबते आणि छाती खचते.

आता ‘झोप’. सुप्त बद्धकोनासन घ्या. लोडाचं टोक कंबरेला टेकवायचं, बूड जमिनीवरच ठेवायचं आणि मागे टेकायचं. कंबरेत चिमटा आला तर लोड दोन बोटं मागे सरकवा किंवा उंची कमी करा. डोक्याखाली चादरीची घडी अशी हवी की कपाळ हनुवटीपेक्षा जरासं वर राहील. तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडले की प्रत्येक मांडीखाली घडी घातलीच पाहिजे, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. मग मांड्या अधांतरी राहतात, त्यांचं वजन आतले स्नायू पाच मिनिटं तोलून धरतात, पाय थरथरतात, कंबर कमान करते आणि दुसऱ्या दिवशी जांघ दुखते. वर ‘या आसनाने त्रास झाला’ म्हणायला मोकळे!

स्नायूला झटका देऊन ताणलं तर तो स्वतःला वाचवायला उलट आखडतो. हळूहळू, हलका ताण दिला की तो आखडणं बरंच टळतं आणि अर्ध्या-एक मिनिटात स्नायू सैल पडायला लागतो. त्यानंतर ताण सांध्याभोवतीच्या चिवट पडद्यांवर, अस्थिबंधांवर जातो. हे भाग घाईने ऐकत नाहीत. हलका भार बराच वेळ राहिला तरच थोडेथोडे लांबतात, आणि सोडल्यावरही सावकाश मूळ जागी येतात. म्हणून तीन ते पाच मिनिटं. म्हणूनच ताण दहापैकी चार-पाचच्या वर न्यायचा नाही आणि हिसके द्यायचे नाहीत. टोचलं, चमक आली किंवा मुंग्या आल्या तर लगेच बाहेर. सोडताना हातांनी गुडघे जवळ घ्या, कुशीवर वळा, मिनिटभर पडा, मग उठा. आणि घाट पळायच्या आधी हे करू नका, संध्याकाळी करा. सैल पडलेल्या सांध्यांनी उतारावर पळणं बरं नव्हे.

झोपेत कोणी श्वास मोजतं का? इथे चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. सोडणं लांबवलं की शरीराला विसाव्याचा इशारा मिळतो. जबडा सुटतो, पोट मऊ पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मन बंड करतं : नाक खाजतं, गॅस चालू राहिला की काय वाटतं, जुनं भांडण आठवतं. तेव्हा न हलता ते नुसतं बघायचं, खरं काम तेच. कुणाला रडू येतं, येऊ द्यावं. पण धडधड वाढली, छाती दाटली तर डोळे उघडून उठून बसा, हट्ट नको. घाबरण्याचे झटके येणाऱ्यांनी भिंतीला पाठ टेकून, डोळे उघडे ठेवून, एक-दोन मिनिटांपासूनच सुरुवात करावी.

घाम शरीर गार करायला येतो, फायदा मोजायला नाही. स्थिर आसनात अंग आपणहून गार पडतं, म्हणून साताऱ्यातल्या डिसेंबरात फरशीवर सतरंजी हवी आणि अंगावर वाकळ. कुडकुडलं की सगळं आखडतं. याने वजन उतरतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. त्यासाठी चाला, नमस्कार घाला.

परदेशी खूळ? या संथ आसनपद्धतीचं ‘यिन’ हे नाव बाहेरचं, खरं आहे. पण ‘स्थिरसुखमासनम्’ पतंजलींचं आहे आणि पुढचंच सूत्र प्रयत्न सैल करायला सांगतं. शवासन हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात आहे. लोड-दोरांचा वापर पुण्यात अय्यंगार गुरुजींनी रुजवला. आणि औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला, ते मलाही ठाऊक आहे. त्यांचं नाव माझ्या अंगावर फेकायचं कारण नाही.

राहिली तुमची ‘ठणठणीत’ कंबर. अहो, रोज तासभर धरते तिला ठणठणीत म्हणत नाहीत! रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्या उठल्या नमस्कारातल्या हस्तपादासनात खोल वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त पडतो. नमस्कार तासभर पुढे ढकला किंवा वाकताना गुडघे दुमडा. रात्री झोपण्यापूर्वी पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात, पाच ते दहा मिनिटं. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर तुमचे नमस्कारही बंद आणि माझी आसनंही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.