पाचशे एक अधिक दोनशे एक्कावन्न

फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक होतं आणि वर्गणीचा हिशेब माझ्या गळ्यात असतो. वहीतली बेरीज दरवर्षी चुकते. यंदा मुलाने जुना लॅपटॉप दिला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला, की पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकू.

पहिला प्रोग्राम तीन ओळींचा. दोन वर्गण्या विचारायच्या, मिळवायच्या, छापायच्या. ५०१ घातले, २५१ घातले. उत्तर आलं ५०१२५१. पाच लाख! क्षणभर मी मंडळासाठी नवे पडदेसुद्धा घेऊन टाकले.

मग भाचीला फोन. ती फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे.

"अगो, चालत नाही."

"काय चालत नाही, मामा?"

"काहीच."

फोटो पाठवा म्हणाली. पाठवला. "मामा, तुमचं बनियन दिसतंय, कोड दिसत नाही."

शेवटी वाचून दाखवला. इनपुटमधून येतं ते पायथनला अक्षर वाटतं, आणि अक्षरांमध्ये अधिक घातलं की तो ती नुसती शेजारी शेजारी चिकटवतो. 'हा आकडा समज' असं सांगणारं 'इंट' घातलं, ७५२ आले. गंमत म्हणजे मराठी कीबोर्डवरून ५०१ टंकले तरी त्याला कळतं, उत्तर तेवढं इंग्रजी आकड्यांत देतो. आमच्या मुंबईच्या नातवंडांसारखंच.

पुढे इंडेंटेशन एरर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा चुकली. पंगतीत पान जरा मागेपुढे झालं तरी आम्ही वाढतो. हा एका स्पेससाठी उठवतो. बाकीच्या बहुतेक एररच्या वर 'मोस्ट रीसेंट कॉल लास्ट' असं यायचं. मी आपला समजत होतो, की भाचीला सारखे फोन करतो म्हणून टोमणा आहे. खरं दुखणं सगळ्यात खालच्या ओळीत असतं, हे कळायला मला आठवडा लागला.

सगळ्यात वाईट फजिती नावाने केली. वर्गणीची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेल्या साध्या तक्त्यात, ती वाचायला पायथनचं 'सीएसव्ही' नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोड, आणि मी माझ्या प्रोग्रामचंही नाव ठेवलं 'सीएसव्ही डॉट पीवाय'. वाड्यावर एका नावाचे दोघे असले, की पत्र जवळच्या घरात पडतं. पायथनही आधी प्रोग्राम ठेवलेल्या फोल्डरमध्येच बघतो, म्हणून तो मॉड्यूल सोडून माझ्याच दारात येऊन उभा. भाची फोनवर इतकी हसली, की शेवटी ताईने फोन घेतला.

नाव बदललं आणि एकशे चाळीस जणांची बेरीज डोळ्याची पापणी लवायच्या आत आली. थाटात यादीची फाइल मंडळाच्या अध्यक्षांना धाडली. त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडली. दहा मिनिटांत फोन.

"तू धाडलंयस ते चालत नाही रे."

"काय चालत नाही, काका?"

"काहीच. नावांच्या जागी किडेमुंग्या दिसतात."

"फोटो पाठवा," मी म्हटलं.

फोटो आला. त्यात त्यांच्या हॉलमधला पंखा अगदी स्वच्छ दिसत होता.