बावला खून: कोडं खुन्याचं नाहीच

खुनी आधीच माहीत असला की सत्यघटनेवरच्या ऐतिहासिक रहस्यकथेतली उत्कंठा संपते, असं एका लेखात वाचलं. मला हे अजिबात पटलं नाही. मुंबईतलं बावला खून प्रकरणच घ्या. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, मलबार हिल. अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि शेजारी बसलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि त्यांच्यातला एक हातातली गोल्फची काठी घेऊनच मारेकऱ्यांवर तुटून पडला. कादंबरीकाराने हे रचलं असतं तर आपण 'काहीही हं' म्हणालो असतो!

मारेकरी सापडले, मुंबई हायकोर्टात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षाही झाली. पण हुकूम कुणाचा? मुमताज आधी ज्या इंदूर दरबारात नर्तकी होती, त्या दरबाराकडे बोट होतं. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असं इंग्रजांनी सांगितल्यावर इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. म्हणजे चौकशी राहिलीच. कल्पित लेखनाला खरी जागा इथे आहे.

लेखकांना एक कळकळीची विनंती. मुमताजला नुसती 'दरबारातली सुंदर नर्तकी' करू नका हो. इंदूरला परत जायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. चेहऱ्यावरचे ते व्रण घेऊन ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. मला कादंबरी तिच्या तोंडून वाचायची आहे.