दोरी, वजन आणि ‘जुगाड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वेगवेगळ्या उपग्रहांकडे मोटरने वळणारी टीव्हीची डिश, तिला दोरीने वजन टांगून, नेमक्या जागी कशी थांबवावी, या माझ्या लेखाखाली काल एक प्रतिक्रिया आली. ती बरीच लांब आहे, पण तिचा सगळा जीव एका वाक्यात आहे: “दोरीला वजन बांधून डिश अचूक होत नसते, हा जुगाड झाला, आधी खांब ओळंब्यात लावायला शिका, मग लेख लिहा.”

‘शिका’ हा शब्द मी तीनदा वाचला. मतभेद असायला माझी काही हरकत नाही. पण लेख पूर्ण न वाचता शिकवणी सुरू करणाऱ्याशी कसं बोलायचं, हे मला खरंच कळत नाही. लेखाचा दुसरा परिच्छेद खांबावरच आहे. तो ओलांडून तुम्ही थेट दोरीपाशी पोचलात.

तुमचा एक मुद्दा मान्य. ४० अंश अक्षांशासाठी डेक्लिनेशनचा कोन (आसाच्या काटकोनापासून डिश आणखी किती खाली झुकवायची तो) मी ६.८ अंश लिहिला होता, तो ६.३ हवा. टंकताना चूक झाली. प्रत्यक्ष माउंटवर कोन बरोबरच लावलेला आहे, पण चूक ती चूक. आभार.

आता खांब. खांब कलला तर काय होतं, हे मला ठाऊक आहे, कारण माझी पहिली डिश अशाच कललेल्या खांबावर होती. २.४ मीटरची, जाळीची, सी-बँडची (मोठ्या डिश लागणारा कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा). तेव्हा प्रत्येक उपग्रहापुढे पल्सचा (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या विजेच्या ठोक्यांचा) आकडा लिहिलेली एक वही मी ठेवायचो. ती अजून माझ्याकडे आहे. खांब पूर्व-पश्चिम कलला असेल, तर उपग्रहांच्या आकाशातल्या कमानीच्या मध्याला सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि टोकांना घोटाळा होतो: एका टोकाला डिश वर बघते, दुसऱ्या टोकाला खाली. ही चूक जागेप्रमाणे बदलते, पण त्या त्या जागेवर ती कायम तेवढीच राहते. आज, उद्या, पूर्वेकडून आलात, पश्चिमेकडून आलात, तेवढीच. डिश कुठल्या बाजूने आली याच्याशी खांबाला काही देणंघेणं नसतं.

माझ्या आताच्या १.२ मीटरच्या डिशचं दुखणं वेगळं होतं. कमानीच्या माथ्याजवळचा एक उपग्रह पूर्वेकडून येताना ४१२ पल्सवर सर्वांत जोरात लागायचा आणि पश्चिमेकडून येताना ४१८ वर. सहा पल्सचा फरक, आणि तोही दिशेवर ठरणारा. माझ्या जॅकला (डिशला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या मोटरच्या दांड्याला) एका इंचात ४८ पल्स पडतात, म्हणजे सहा पल्स दांड्यावर साधारण ३ मिलिमीटर. जॅक जिथे डिशला धरतो ती जागा आसापासून ३० सेंटिमीटरवर आहे. तिथले ३ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्तच. केयू-बँडवर (सी-बँडपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १.२ मीटरच्या डिशचा झोत जेमतेम दीड अंशाचा. हिशेब केला तर सिग्नलचे दीड-दोन डेसिबल गेले. कोरड्या हवेत काही जाणवत नाही. पावसाचे ढग आले की चित्राचे चौकोन होतात.

हे डेसिबल खांबाने खाल्ले नाहीत. पल्स मोजणारा रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा) जॅकच्या मोटरपाशी असतो आणि त्याच्यापुढे स्क्रू, नट, क्लॅम्प, बोल्ट अशी सगळी साखळी येते. त्या साखळीतला ढिलेपणा स्विचला दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने डिश जागेवर पोचलेली असते. प्रत्यक्षात ती बोल्टाच्या भोकात तीन मिलिमीटर मागेच रेंगाळत असते. माथ्याजवळ हे सर्वांत जास्त छळतं, कारण तिथे डिशचं वजन एका बाजूला झुकत नाही. अलीकडे ती जॅकला ढकलत असते, पलीकडे ओढते, आणि मधे लोंबकळते. वारा आला की डुलते.

मी बोल्ट बदलले, वायसर घातले. सहाचे तीन पल्स झाले, त्याखाली उतरेनात. मग दोरी आणि वजन लावलं. वजन डिशला सतत एकाच बाजूला ओढतं, त्यामुळे ढिलेपणा उरतो तो एकाच अंगाला. शिवाय कंट्रोलरला सांगितलं, की पश्चिमेला जायचं असेल तर आधी चार-पाच अंश पुढे जा आणि परत ये, म्हणजे शेवटचा टप्पा नेहमी एकाच दिशेने होईल. याला तुम्ही जुगाड म्हणता. लिफ्टपासून क्रेनपर्यंत कुठे कुठे वजन टांगलेलं असतं, ते एकदा मोजून बघा. तिथेही ‘शिका’ म्हणणार का?

पल्स हरवत असतील, ही तुमची शंकाही घ्या. पल्स हरवले तर चूक रोज वाढत जाते आणि आठवड्याने सगळे उपग्रह एकाच बाजूला सरकलेले दिसतात. माझी चूक वाढत नव्हती, येरझाऱ्या घालत होती. सेन्सरची तार मोटरच्या तारेपासून मी आधीच वेगळी नेली होती, तीही शील्ड असलेली. लेखात आहे.

युसॅल्सबद्दल (उपग्रहाच्या आणि आपल्या जागेवरून मोटर किती फिरवायची ते रिसीव्हरमध्येच काढणारी पद्धत) तुम्ही जे लिहिलंय ते इथे गैरलागू आहे. युसॅल्स गणित चोख करतं, हे मान्य. रेखांशात ३० अंशांचा फरक असेल, तर ४० अंश अक्षांशावर मोटरला ३० नाही, जवळपास ३४ अंश फिरावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं. पण त्याने ढिला बोल्ट घट्ट होत नाही.

राहिला तुमचा मुद्दा, की वजनाने ढिलेपणा जात नाही, फक्त तोल सुटण्याची जागा माथ्यावरून दुसरीकडे सरकते. सरकते. जिथे सरकली आहे तिथला एकही उपग्रह मी बघत नाही. विषय संपला.

रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये वगैरे जे आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. मोजमाप किती वेळा केलं, असंही तुम्ही विचारलंय. पुरेसं केलं. तुम्ही तुमच्या डिशवर एकदा तरी केलंय का? एकच उपग्रह घ्या, पूर्वेकडून या, आकडा लिहा. पश्चिमेकडून या, आकडा लिहा. तुमचे दोन्ही आकडे सारखे आले तर तुमचा जॅक माझ्यापेक्षा चांगला आहे, खांब नव्हे.

लेखातला ६.८ खोडून ६.३ केला आहे. दुरुस्ती कुणी सुचवली ते तिथे लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतःच टोपणनावाने लिहिता.