खुलासा : समुद्रावर रेंगाळलेले चक्रीवादळ वाढतच जाते, हे खरे नाही

‘वादळ जितके दिवस समुद्रावर, तितके ते मोठे, सांगलीत ताशी दीडशे किलोमीटरचे वारे येणार’ असा संदेश तासगाव, पलूस भागातील द्राक्षबागायतदारांच्या मोबाईलवर फिरत असून, तो वाचून काहींनी मांडवाच्या तारा नव्याने ताणायला घेतल्या आहेत. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

वादळाला बळ मिळते ते पाण्याच्या वाफेतून. समुद्राचा पृष्ठभाग साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार असला की वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि केंद्रातील दाब आणखी उतरतो. मात्र एकाच जागी रेंगाळणारे वादळ समुद्र इतका घुसळते की खालचे थंड पाणी वर येते आणि त्याचे इंधनच तुटते. वरच्या थरांत वाऱ्याचा वेग वा दिशा फार वेगळी असली, किंवा कोरडी हवा आत शिरली, तरीही ते ढासळते. २०१९ चे ‘क्यार’ महाचक्रीवादळ झाले आणि भारताच्या किनाऱ्याला न लागता समुद्रावरच विरले.

जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा थांबतो, घर्षण वाढते आणि वारे मंदावतात. त्यातच सांगली किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, सह्याद्रीपलीकडे आहे. बागायतदारांना खरी भीती पावसाची : विरलेल्या वादळाचे बाष्पही फुलोऱ्यातील घड कुजवू शकते, डाऊनी हा बुरशीजन्य रोग वाढवू शकते. त्यामुळे तारांपेक्षा बागेतील पाण्याच्या निचऱ्याकडे आणि हवामान विभागाच्या पाऊस-अंदाजाकडे आधी पाहावे.