यंत्राला फुटलेली लव

कार्यालयातील एका महत्त्वाच्या बैठकीत मी उभा राहून बोलत होतो आणि समोरच्या रांगेतील एक ज्येष्ठ सहकारी माझ्या तोंडाकडे न पाहता माझ्या गुडघ्यांकडे एकटक पाहत होते. बैठक संपल्यावर त्यांनी मला हळूच बाजूला घेतले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "घरी मांजर पाळलंय वाटतं?" आमच्या घरी मांजर नाही, कुत्रा नाही, पोपटसुद्धा नाही. आहे ते एक वरून झाकण उघडणारे, १४ वर्षांचे वॉशिंग मशीन. एरवी म्हातारपणी केस गळतात, पण त्याचा काही नेम राहिला नव्हता; त्याला या वयात लव फुटू लागली होती आणि ती सगळी माझ्या काळ्या पँटवर येऊन बसत होती.

ही लव म्हणजे काय चीज असते, हे ज्याच्याकडे फक्त फिकट रंगाचे कपडे आहेत त्याला कधीच समजणार नाही. पांढऱ्या सदऱ्यावर ती असतेच, पण दिसत नाही. गडद कपड्यांवर मात्र ती अशी उठून दिसते, की माणूस नुकताच कापूस पिंजून उठला आहे असे वाटावे. झटकली तर उडत नाही, हाताने पुसली तर तिची बारीक सुरळी होऊन ती आणखी घट्ट बसते, आणि ओल्या फडक्याने पुसण्याचा प्रयत्न केला तर फडक्याची स्वतःची लव तिच्यात भर घालते. शेवटी रोज सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी बोटांभोवती उलटी चिकटपट्टी गुंडाळून जिन्यात उभ्याउभ्या स्वतःला थोपटून घेण्याचा परिपाठ मी सुरू केला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन दिवस हा प्रकार पाहिला आणि तिसऱ्या दिवशी, हा कोणता व्यायाम आहे आणि त्याने सांधेदुखीला उतार पडतो का, अशी चौकशी केली.

घरात या विषयावर तीन मते होती. आईचे मत असे, की हाताने धुतलेल्या कपड्यांना आयुष्यात कधी लव लागली नाही. पत्नीचे मत असे, की मशीनचे दिवस भरले आहेत आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. चिरंजिवांचे मत असे, की आपल्याला काही दिसत नाही. पण त्याचे सगळे कपडे राखाडी रंगाचेच असल्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नव्हती. मी मात्र यंत्राच्या बाजूने उभा राहिलो. त्याच्या बटणांवरची अक्षरे कधीच पुसून गेली आहेत आणि कोणते बटण किती वेळा दाबले की काय होते, हे घरात फक्त मलाच माहीत आहे. घरातले माझे उरलेसुरले महत्त्व त्या बटणांवर टिकून होते, हे त्यामागचे खरे कारण होते, पण ते मी बोलून दाखवले नाही.

तपासाला बसल्यावर पहिला प्रश्न असा पडला, की हे जे पांढरे दिसते आहे ती लव आहे की न विरघळलेली पावडर? दोन्ही गोष्टी वाळलेल्या कपड्यावर थेट सारख्याच दिसतात. पाणी थंड असले, जड असले किंवा पावडर हात सैल सोडून घातली, की तिचे पांढरे डाग कपड्यावर राहतात आणि लोक उगाच जाळीला दोष देत बसतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: डागावर कोमट पाणी घालून बोटाने चोळावे; पावडर असेल तर ती विरघळून नाहीशी होते, तंतू असतील तर त्यांची वळकटी होते. मी चोळले. वळकटी झाली. तरीही पावडरीचे माप मी निम्म्यावर आणले, कारण जास्त पावडरीने कपडे जास्त स्वच्छ निघतात हा गैरसमज आमच्या घरात वर्षानुवर्षे सुखाने नांदत होता. प्रत्यक्षात जादा फेसामुळे कपडे नीट खळबळून निघत नाहीत आणि जी घाण पाण्याबरोबर वाहून जायची, ती फेसाचे बोट धरून कपड्यांतच मुक्काम करते.

मग जाळी. आमच्या मशीनमध्ये टबाच्या आतल्या भिंतीवर एक लहानशी जाळीची पिशवी असते; फिरणारे पाणी तिच्यातून जाते आणि सुटलेले तंतू तिच्यात अडकतात. ती मी बाहेर काढून उजेडासमोर धरली, तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या पत्नीचा पूर्ण चेहरा मला तिच्या भोकातून स्पष्ट दिसला, आणि त्यावरचे भावही. पिशवीच्या तळाला बोटभर फाटले होते. म्हणजे गेले कित्येक महिने ही पिशवी एका बाजूने लव गोळा करत होती आणि दुसऱ्या बाजूने ती परत कपड्यांवर सोडत होती. आईने ती सुईदोऱ्याने इतकी सुबक शिवून दिली, की नवी आणण्याचा विषयच निघाला नाही.

शिवलेल्या पिशवीने थोडा फरक पडला, पण थोडाच. आता संशय आमच्या कपडे भरण्याच्या पद्धतीकडे वळला. मशीनवर ६.५ किलो असे लिहिलेले होते. आपण किती भरतो हे पाहण्यासाठी मी एका रविवारी धुण्याचे बोचके छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहिलो, नंतर बोचके खाली ठेवून एकटा उभा राहिलो आणि वजाबाकी केली. दोन निष्कर्ष निघाले. बोचके ९ किलोंचे होते, हा पहिला. दुसरा निष्कर्ष धुण्याशी संबंधित नसल्यामुळे तो मी कुणाला सांगितला नाही. इतके कपडे कोंबल्यावर त्यांना पाण्यात मोकळेपणे फिरायला जागाच उरत नाही. ते एकमेकांवर घासत राहतात, त्या घर्षणाने आखूड तंतू तुटून सुटतात, आणि पाणी अपुरे असल्यामुळे जाळीपर्यंत पोहोचण्याऐवजी शेजाऱ्याच्या अंगावर चिकटतात. त्यातही सुती कपडे तंतू सोडणारे आणि पॉलिएस्टरचे कपडे ते ओढून घेणारे, अशी वाटणी ठरलेली आहे. पॉलिएस्टर वाळताना घासले गेले की त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि मग हवेत तरंगणारी लवसुद्धा त्याच्याकडे धाव घेते. माझी काळी पँट पॉलिएस्टरमिश्रित आहे, हे मी त्या दिवशी आतल्या चिठ्ठीवर प्रथमच वाचले.

पाणी कमी पडते आहे का, हे पाहण्यासाठी नळाकडून येणारा पाइप सोडवला. त्याच्या तोंडाशी, मशीनच्या आत, रुपयापेक्षाही लहान अशी एक जाळी असते, जिचे अस्तित्व १४ वर्षांत आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तिच्यावर वाळूचा आणि गंजाचा असा थर बसला होता, की त्यातून पाणी येत होते ही त्या पाण्याची जिद्दच म्हणायची. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती साफ केली. पाणी धो धो येऊ लागले आणि मला, खोटे कशाला बोलू, आपण जन्मजात तंत्रज्ञ आहोत आणि आयुष्य भलत्याच नोकरीत वाया घालवले, असे वाटू लागले. हा भ्रमच पुढच्या सगळ्या प्रकाराला कारणीभूत ठरला.

कारण त्याच उत्साहात मी टबाच्या तळाशी असलेली फिरती चकती उघडायला घेतली. आधी प्लग काढला, कारण आत्मविश्वास वाढला असला तरी जीव तोच होता. चकतीच्या मध्यभागी एकच स्क्रू असतो. तो गंजलेला होता. मी कमरेपर्यंत टबात वाकून, टॉर्च दातांत धरून, त्या एका स्क्रूशी पाऊण तास झुंजलो. बाहेर माझे फक्त पाय दिसत असल्यामुळे घरातली मंडळी येताजाता पायांशीच बोलत होती. अखेर तो सुटला, चकती वर आली आणि तिच्याखाली जे दिसले त्याने मी टॉर्च सोडली.

चकतीच्या पाठीला आणि तळाला बोटभर जाडीचा, निळसर करडा, ओला नमदा चिकटलेला होता. तो लव, साबण, मऊपणासाठी घालायच्या द्रावाचा चिकटा आणि पाण्यातले क्षार यांचा मिळून झाला होता. नखाने उचलला की त्याची पाती सुटत होती, आणि दर पात्याचा रंग वेगळा होता. वरचा थर करडा, त्याखाली निळा, त्याखाली फिकट पिवळा. उत्खननात काळ असाच मोजतात म्हणे. निळा थर हा चिरंजिवांच्या शाळेच्या गणवेशाचा काळ, हे आईने लगेच ओळखले. त्याच थरात एक खोडरबर सापडले, ज्याच्या चोरीवरून चौथीत असताना त्याने बाकावरच्या मित्राशी कायमचा अबोला धरला होता. तो आता महाविद्यालयात आहे. याशिवाय सदऱ्याची सात बटणे, दोन हुक, तीन नाणी आणि एक किल्ली निघाली. किल्ली कशाची, यावर रात्रीपर्यंत चर्चा झाली आणि घरातली यच्चयावत कुलुपे लावून पाहण्यात आली.

नमदा खरवडला. टबात कडकडीत पाणी आणि सायट्रिक ॲसिड घालून, कपड्यांशिवाय एक पूर्ण फेरी चालवली. त्याच पाण्यात थोडे ब्लीच ओतून एकदाच काय तो निकाल लावावा, असा विचार माझ्या मनात आला होता. परंतु आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि निकाल आपलाच लागतो, हे सुदैवाने वेळेवर आठवले. ती फेरी चालू असताना आतून काळपट चिंध्यांसारखे तुकडे वर येत राहिले. आतल्या भोकांच्या टबाबाहेर दुसरा बंद टब असतो आणि त्या दोघांमधल्या फटीत काय साचले आहे ते कधीच दिसत नाही. दिसत नाही हे बरेच आहे. चकती परत बसवली, स्क्रू आवळला, प्लग लावला. मशीन सुरू झाले. मी विजयी मुद्रेने हात पुसले, आणि तेव्हा मला जमिनीवर पडलेला एक वायसर दिसला.

तो कुठला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तो खिशात टाकला.

यानंतर पत्नीने मला न विचारता एका मेकॅनिकला बोलावले. त्यांनी झाकणावर हात ठेवून काही वेळ नुसते ऐकले, "अजून चालतंय?" असे आश्चर्याने विचारले आणि नवीन घेण्याचा सल्ला दिला. तरीही जाता जाता त्यांनी एक खरोखर उपयोगाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "काका, ड्रेन पाइप बघा. पाणी रेंगाळतंय." पाणी पूर्ण निघून न जाता पिळण्याची फेरी सुरू झाली, की तळाशी साचलेले लवयुक्त पाणी फिरत्या कपड्यांमधूनच बाहेर फेकले जाते. पाणी भोकांतून जाते, लव कपड्यांत राहते. म्हणजे आपण कपड्यांनी सांडपाणी गाळत असतो. ज्या माझ्या पँटला मी इतके दिवस पीडित समजत होतो, ती त्या यंत्रात गाळणीची नोकरी करत होती. पाइपाला भिंतीमागे एक घडी पडली होती. ती सरळ केली.

एवढे सगळे झाल्यावर लव बरीच कमी झाली. पण गेली नाही. आता मी इरेला पेटलो होतो. एका सकाळी चिकटपट्टीवर गोळा केलेली लव मी भिंगाखाली धरली आणि चमकलो. इतके दिवस मी जिला पांढरी म्हणत होतो, ती पांढरी नव्हतीच. त्या तंतूंना अगदी पुसट अशी गुलाबी, किंबहुना एके काळी किरमिजी असावी अशी झाक होती.

घरात किरमिजी रंगाची एकच वस्तू होती. माझा टॉवेल. तो मशीनपेक्षाही दोन वर्षांनी वडील आहे आणि तो टाकून देण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला मी आजवर कडाडून विरोध केला आहे, कारण अंग पुसण्याइतका मऊपणा टॉवेलाला येईपर्यंत दहा वर्षे जातात असे माझे प्रामाणिक मत आहे. टॉवेलाचे अंग म्हणजे सुताच्या उभ्या फासांचे शेत. ते फासे झिजून तुटू लागले, की दर धुण्याला मूठभर पीक झडते. मी तो दोरीवरून काढला आणि खिडकीसमोर धरला. त्यातून समोरच्या इमारतीचे मजले मोजता येत होते. मधला बराचसा टॉवेल गेल्या वर्षभरात माझ्याच पँटवर बसून कार्यालयात जाऊन आला होता.

पत्नी मागे येऊन उभी राहिली होती. ती काहीच बोलली नाही. अशा वेळी न बोलण्यात तिचा हातखंडा आहे. दीर्घ वाटाघाटींनंतर असे ठरले, की टॉवेल राहील, परंतु मशीनमध्ये त्याला प्रवेश नाही. त्याचे धुणे मी स्वतः वेगळ्या बादलीत हाताने करायचे. आईला हा निर्णय फार आवडला.

पुढच्या रविवारी काळी पँट उलटी करून, मोजक्याच गडद कपड्यांबरोबर धुतली. दोरीवरून काढली तेव्हा तिच्यावर एक तंतू नव्हता. मी ती उजेडात धरून घरभर दाखवत फिरलो आणि त्याच वेळी आत मशीनने दुसऱ्या घाण्याची पिळण्याची फेरी सुरू केली. वेग वाढत गेला आणि त्याच्या ओळखीच्या घरघरीतून एक बारीक, नियमित टक् टक् असा आवाज येऊ लागला.

"अहो," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा आवाज आधी होता का हो?"

"होता की," मी म्हणालो, आणि ज्या खणात तो वायसर ठेवला होता, तो हलकेच आत ढकलला.