पिवळा बेडूक अमेरिकेतून आलेला नाही, आणि विहिरीत पाच किलो ब्लीचिंग टाकायचं नसतं

मिरगाचा पाऊस पडला की बेडकांसोबत मेसेजही बाहेर येतात. यंदाचा असा: पिवळ्याधमक बेडकांचा फोटो आणि खाली, "सावधान! अमेरिकन बुलफ्रॉग कोकणात घुसला आहे. विषारी आहे. अंदमानात याने सगळे बेडूक संपवले. दिसताच मीठ टाका, विहिरीत पाच किलो ब्लीचिंग पावडर सोडा." कुडाळकडच्या आमच्या मामीने हे वाचून खरोखरच ब्लीचिंगची पिशवी मागवली, म्हणून हा खटाटोप.

आधी विहीर, कारण खरा धोका तिथे आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण 28,000 लिटर भरतं. पिण्याचं पाणी शुद्ध करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. म्हणजे अख्ख्या विहिरीला 70 ग्रॅम. मेसेजवाला त्याच्या सत्तरपट ओतायला सांगतोय! बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो मरेलच. सोबत मासे मरतील आणि सगळं तळाशी कुजेल. कुजणारी घाण उरलेला क्लोरीन खाऊन टाकते, मग पाणी वास मारतं आणि शुद्धही राहत नाही. ते 70 ग्रॅमसुद्धा वरून भिरकावायचे नसतात. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, बादली पाऊण भरून ढवळायची, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडायची आणि खाली-वर हलवायची. चुन्याचा गाळ बाहेर टाकायचा. पाणी तासाभराने वापरायचं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दमट हवेने निकामी होते, ती वापरून उपयोग नाही.

मिठाबद्दल खारभूमीतल्या माणसाला काय सांगायचं? खारं पाणी शिरलं की भाताचं काय होतं ते तो दरवर्षी बघतो. तरवा, म्हणजे भाताची रोपं, नुकता वर आलेला असताना मेरेवर (बांधावर) मीठ टाकलं तर पहिल्याच सरीत ते कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात उतरतं.

आता फोटोतला बेडूक. तो आपलाच, भारतीय बुलफ्रॉग, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. एरवी हिरवट-तपकिरी असतो. पहिल्या मोठ्या पावसात नर लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. पाठीवर उभ्या, तुटक वळ्या असतात. अमेरिकन बुलफ्रॉगच्या पाठीवर अशा वळ्या नसतात. त्याची एकच वळी डोळ्यामागून कानाच्या पडद्याला वळसा घालून खाली उतरते, आणि नराचा तो पडदा डोळ्यापेक्षा मोठा असतो. शिवाय त्याच्या डिंभांना, म्हणजे पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना, मोठं व्हायला थंड मुलखात वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून त्याला बारमाही पाणी हवं. आपला बेडूक साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ते आटायच्या आत पिल्लं बाहेर पडतात.

विषारी? याच बेडकाच्या तंगड्या भारतातून टनावारी परदेशी जात होत्या. 1985 मध्ये त्याचं नाव साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेलं आणि 1987 मध्ये भारताने निर्यात बंद केली. गोव्यात आजही पावसाळ्यात तो चोरून खाल्ला जातो. वन्यजीव कायद्याने त्याला मारणं गुन्हा आहे, हे मेसेजवाल्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

राहता राहिलं अंदमान. ते मात्र नाइलाजाने मान्य करावं लागेल, फक्त तिथला गुन्हेगारही अमेरिकन नव्हे, हाच आपला बेडूक. 2000 नंतर तो तिथे बेटांवर पसरला, मुख्यतः मत्स्यबीजाच्या पाण्यातून गेलेल्या डिंभांमुळे. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी तिथे प्रयोग केले. त्यांत या बेडकाच्या डिंभांसोबत ठेवलेली स्थानिक बेडकांची डिंभं एकही वाचली नाहीत. याची डिंभं मांसाहारी असतात, एकमेकांनाही सोडत नाहीत. कोकणातही ती दुसऱ्यांची डिंभं खातात, ते नाकारत नाही. पण इथले बेडूक त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेत, आणि त्याला खायला धामण, दिवड, घोरपड, बगळे टपलेलेच आहेत. अंदमानातल्या बेडकांना त्याची सवयच नव्हती.

तेव्हा काळजी घ्यायचीच असेल तर शेततळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडताना घ्या. पिशवीतलं पाणी थेट तळ्यात ओतू नका. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग बीज पांढऱ्या परातीत थोडंथोडं काढून बघा. गोल डोकं आणि मागे नुसती शेपटी दिसली तर ते डिंभ, मासा नव्हे. ते चाळणीने वेगळं करा. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा चरात नको, उंचावरच्या वरकस जमिनीत जिरू द्या.